जमीन त्याच्या नावावर, पत्रं तिच्या हातची

१८७३ सालच्या जून महिन्यात मॅटी ओब्लिंगर नावाच्या एका बाईनं आपल्या माहेरच्या माणसांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, फिलमोर परगण्यातल्या उघड्या माळरानावर ती नवऱ्याबरोबर नुकतीच राहायला आली होती. घर कसलं, तर मातीच्या ढेपा एकावर एक रचून उभं केलेलं. पण पत्रातला तिचा आनंद पाहावा! आम्ही आता स्वतःच्या घरात आहोत, असं ती लिहिते. मातीच्या घरात राहतो म्हणून तुम्हाला वाटेल, यांचे किती हाल! पण इतकं सुख मला आजवर कुठं वाटलं नव्हतं, असंही सांगते. आणि पुढं कारण देते. नव्याची नवलाई म्हणून नाही हो. इतकी वर्षं दुसऱ्याची जमीन वाट्यानं केली. आता कुदळीचा प्रत्येक घाव आपल्यासाठी पडतो, निम्मा दुसऱ्यासाठी नाही. पुढच्या वर्षी बिऱ्हाड हलवायची चिंताही नाही.

अर्धेलीनं शेती केलेल्या घरातल्या बाईला यातला शब्द न् शब्द कळेल. त्यासाठी अमेरिका बघायची गरज नाही!

मॅटीचं हे पत्र आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तिच्या घरच्यांनी ते फेकलं नाही. १८६२ पासून १९११ पर्यंतची या एका कुटुंबाची पत्रं, सुमारे तीन हजार पानं, लिंकन शहरात नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेनं जपून ठेवली आहेत. लग्नाआधीची पत्रं, नवरा एकटाच जमीन शोधायला गेला तेव्हाची पत्रं, पिकाची, कर्जाची, टोळधाडीची, बाळंतपणाची पत्रं. कुणी पुढारी नाही, कुणी सेनापती नाही. साधी शेतकरी माणसं.

फुकट जमीन, पण कुणाला?

आधी थोडं मागं जाऊ या. २० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ‘होमस्टेड कायद्या’वर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. थोडीशी फी भरा, १६० एकर सरकारी जमीन घ्या, तिथं घर बांधा, पाच वर्षं राहून जमीन कसा, मग ती तुमची. आपल्याकडं १६० एकरांचा मालक म्हणजे केवढा मोठा बागायतदार! तिथं मात्र ते उजाड गवताळ रान होतं. झाड नाही, विहीर नाही, शेजार नाही. या कायद्याखाली पुढं जवळजवळ १६ लाख लोकांना जमिनीचे पट्टे मिळाले. पण अर्ज करणारे त्याहून कितीतरी जास्त होते. पाच वर्षं टिकाव न लागल्यानं निम्म्याहून अधिक जणांना पट्टा मिळालाच नाही.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट. अर्ज करायला एकवीस वर्षं पूर्ण हवीत किंवा कुटुंबप्रमुख तरी असायला हवं. म्हणजे अविवाहित बाई अर्ज करू शकत होती. विधवा करू शकत होती. पण नवऱ्याबरोबर नांदणारी बाई? ती काही कुटुंबप्रमुख नव्हे. तिला स्वतःच्या नावानं अर्ज करता येत नव्हता. दीडशे वर्षांपूर्वीच्या मानानं कायदा पुढारलेलाच म्हणायचा. पण कपाळी लग्न लागलं, की कागदावर नाव नवऱ्याचं.

मातीचं घर आणि गोवऱ्यांची चूल

मॅटीचा नवरा युराया १८७२ साली इंडियाना राज्यातून पुढं निघून आला. मॅटी आणि लहानगी एला मागं राहिल्या. युरायाची त्या काळातली पत्रं बायको आणि लेक दोघींच्या नावानं आहेत. १८७३ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या सणाला नेब्रास्कात भयंकर हिमवादळ झालं. तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, गुरंढोरं गारठून मेली. त्या वादळाची हकिकतही या पत्रांत आहे. अशी हकिकत वाचूनही मॅटी मे महिन्यात लेकीला घेऊन तिथं पोहोचली. आहे की नाही धाडस?

घर कसं बांधायचे तेही ऐकण्यासारखं आहे. त्या गवताची मुळं जमिनीत इतकी खोल आणि घट्ट गुंतलेली, की नांगरानं मातीची पट्टीच्या पट्टी उचलली जायची. तिचे दोन-तीन फूट लांबीचे तुकडे करायचे, गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. भिंती दोन-दोन फूट जाड. त्यामुळं उन्हाळ्यात आत गारवा आणि हिवाळ्यात ऊब. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या जुन्या घरांसारखंच. लोक थट्टेनं या ढेपांना ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणायचे!

पण पाऊस आला की छप्पर गळायचं. बाहेर पाऊस थांबला तरी आत टपटप चालूच. वरून माती पडायची, कधी उंदीर, कधी सापसुद्धा. बायका मग आढ्याखाली मांजरपाटाचं कापड ताणून बांधायच्या. स्वयंपाक करता करता कढईवर छत्री धरल्याच्या आठवणीही सांगितल्या जातात. जमीन मातीचीच. ती झाडायची, चोपायची आणि पुन्हा झाडायची.

आणि सरपण? लाकूडच नाही तर चूल पेटवायची कशानं? तिथं माळावर गवे चरायचे. त्यांच्या शेणाच्या वाळलेल्या पोवट्या बायका गोळा करायच्या. पुढं गवे संपले, तेव्हा गाईगुरांचं शेण. शिवाय पिळून केलेल्या गवताच्या पेंड्या आणि मक्याची बुरकुंडं. शहरातून आलेल्या बायकांना आधी किळस यायची, चिंधीनं धरून पोवटी उचलायच्या. मग ॲप्रनमध्ये भरू लागल्या. शेवटी शेणाचा हात झटकायचा आणि भाकरीच्या पिठाकडं वळायचं, इथवर मजल गेली. गोवऱ्या थापणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटायचं नाही. पण मला हे वाचून त्या लांबच्या बाया एकदम जवळच्या वाटू लागल्या.

लोणी आणि अंडी विकून घरचं मीठ-साखर आणायची, तीही बाईच. पीक बुडालं तरी कोंबड्या आणि गाय घर चालवायची. सगळीकडं हेच दिसतं. मोठा पैसा पिकाचा, तो त्याचा. रोजचा पैसा दुधाअंड्यांचा, तो तिच्या कष्टाचा. आणि हिशेबात धरला जातो तो फक्त पहिला.

टोळधाड आणि बाळंतपण

१८७४ च्या उन्हाळ्यात त्या सगळ्या मुलखावर टोळधाड आली. आकाश काळवंडलं. मका गेला, भाजीपाला गेला. कांदे तर जमिनीतून कोरून खाल्ले. वाळत घातलेले कपडे, घोड्यांच्या सामानाचं घामानं खारावलेलं चामडं, अवजारांच्या दांड्या, काही सोडलं नाही. रुळांवर टोळ चिरडून आगगाडीची चाकं घसरली. त्या टोळांची ती जात १९०२ नंतर जिवंत दिसलीच नाही. पण त्या वर्षांत तिनं हजारो कुटुंबांना माघारी धाडलं. ओब्लिंगर कुटुंबाच्या पत्रांतही टोळांचा त्रास आणि पैशाची ओढाताण येते.

तरी मॅटी टिकली. पण टोळांनी, वादळानं जे केलं नाही ते बाळंतपणानं केलं. १८८० सालच्या फेब्रुवारीत प्रसूतीच्या वेळी ती गेली. बाळही गेलं. मागं तीन मुली. ज्या घराचा एवढा आनंद तिनं माहेरी कळवला होता, तिथून तिच्या मरणाची बातमीही पत्रानंच माहेरी गेली. युरायानं पुढं लॉरा नावाच्या बाईशी दुसरं लग्न केलं, तिलाही मुली झाल्या. संसार पुन्हा उभा राहिला, पुन्हा नव्या जमिनीचा शोध सुरू झाला आणि पत्रंही पुन्हा सुरू झाली. फक्त लिहिणारी बदलली.

माझ्या कामानिमित्त खेड्यापाड्यांतल्या बायकांशी बोलणं होतं. ‘आमच्या आजेसासू बाळंतपणात गेल्या,’ हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं आहे! त्यांचं नाव काय, विचारलं, तर पुष्कळदा सांगता येत नाही. मॅटीचं नाव आज सांगता येतं, ते या पत्रांमुळं.

सरकारी फाइल काय सांगते?

होमस्टेडच्या जमिनीचा पट्टा मिळण्याआधी शेवटचा पुरावा द्यावा लागे. अर्जदाराची जबानी, दोन साक्षीदारांच्या जबान्या. घर केवढं, किती एकर नांगरली, विहीर आहे का, कुटुंबात किती माणसं. असल्या हजारो फाइली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इतिहासकारांना त्यांचा मोठा आधार वाटतो, आणि तो आहेच.

पण फाइलीत बाई कशी येते? ‘बायको आणि अमुक इतकी मुलं’, बस्स! ती विहिरीचं पाणी किती लांबून आणायची, रात्री कंदिलाच्या उजेडात काय शिवायची, दोन मुलांच्या मधलं तिसरं कधी गेलं, हे फाइलीत नाही. ते पत्रांत आहे. जमिनीचा कागद त्याच्या नावाचा, तर जगण्याचा कागद पुष्कळदा तिच्या हातचा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तरच एका शेताची खरी गोष्ट पुरी होते.

अंगणात आणलेली पायपेटी

आता फोटोंची एक गंमत. १८८६ सालापासून सॉलोमन बुचर नावाचा एक माणूस नेब्रास्काच्या कस्टर परगण्यात घोडागाडीतून कॅमेरा घेऊन फिरला. स्वतः शेती करून फसलेला. पण या वस्तीचा इतिहास फोटोंतून जपायचा, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं घरोघर फोटो काढले. माणसं मातीच्या घरापुढं नटूनथटून बसायची. आणि सोबत जे काही चांगलं असेल ते मांडायची. घोडे, शिवणयंत्र, कापलेलं कलिंगडसुद्धा!

त्यातच हिल्टन कुटुंबाचा एक फोटो आहे. घरच्या बाईला मातीच्या घरापुढं फोटो नको होता. माहेरच्या बाजूच्या लोकांनी पाहिलं तर काय म्हणतील? पण तिच्याकडं पायपेटी होती, आणि ती सगळ्यांना दिसायला हवी होती. मग काय, पायपेटी उचलून बाहेर गुराढोरांच्या आवारात आणली, तिच्याभोवती कुटुंब उभं राहिलं, फोटो झाला आणि पेटी परत आत! हसू येतं, पण पोटात कालवतंही. लेक सुखात आहे, हे माहेरी कळायला हवं... यासाठी बाई कुठंही असो, काय काय करते!

त्याच बुचरनं १८८६ साली चार ख्रिसमन बहिणींचा फोटो काढला. मातीच्या घरापुढं, घोड्यांसह, ताठ मानेनं उभ्या. यांतल्या लिझीनं १८८७ साली आणि ल्यूटीनं त्याच्या पुढच्या साली स्वतःच्या नावानं जमिनीचा अर्ज केला. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून करता आला.

१८९९ साली बुचरचं घर जळालं, लिहिलेले कागद जळाले. काचेच्या फोटोपट्ट्या मात्र धान्याच्या कोठारात होत्या, म्हणून वाचल्या. आज असे सुमारे तीन हजार फोटो त्याच लिंकनमधल्या संस्थेत आहेत. बुचर स्वतः १९२७ साली, आपण आयुष्यात काहीच केलं नाही, अशा समजुतीत गेला.

पत्रं गप्प बसतात तेव्हा

पण पत्रात असतं ते सगळंच पुरं असतं, असं समजू नका हं. पायपेटीच्या फोटोसारखंच पत्रांचंही असतं. एलिनोर प्रुइट स्ट्युअर्टचं उदाहरण घ्या. डेन्व्हर शहरात लोकांचे कपडे धुऊन, घरकाम करून राहणारी एकटी आई. १९०९ साली ती लहान मुलीला घेऊन वायोमिंग राज्यातल्या एका पशुपालकाकडं घर सांभाळायला गेली आणि शेजारच्याच जमिनीवर तिनं स्वतःच्या नावानं अर्ज केला. तिथून जुन्या मालकिणीला तिनं जी पत्रं लिहिली ती इतकी खुसखुशीत, की ‘अटलांटिक मंथली’ मासिकानं छापली आणि १९१४ साली त्यांचं पुस्तक झालं. बायकांनो, शहरात हाल काढण्यापेक्षा इकडं या, स्वतःची जमीन करा, असा तिचा सांगावा. वाचून उभारी येते.

पण पुढं अभ्यासकांनी सरकारी कागद तपासले, तेव्हा वेगळंच दिसलं. अर्ज केल्यावर काही आठवड्यांतच तिनं त्या पशुपालकाशी लग्न केलं होतं. लग्नानंतर वेगळा हक्क टिकवणं नियमांमुळं अवघड झालं, आणि १९१२ साली तिनं तो सोडून दिला. ती जमीन सासूच्या नावानं झाली. तिनं पत्रांत स्वतःला विधवा म्हटलं होतं, प्रत्यक्षात पहिला नवरा हयात होता, घटस्फोट झालेला होता.

म्हणून तिला खोटारडी म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. त्या काळात घटस्फोटितेकडं कुठल्या नजरेनं पाहिलं जायचं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गवत कापायचं यंत्र तिनं स्वतः चालवलं, हे खरंच आहे. कष्ट खरे, उमेद खरी. जे बोलायची चोरी होती ते तिनं गाळलं. म्हणून तर दोन्ही कागद हवेत. पत्र सांगतं बाईला काय वाटत होतं, आणि सरकारी कागद सांगतो तिला काय करू दिलं गेलं.

‘क्षुल्लक’ डायरी

याच्याही शंभर वर्षं आधी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मेन भागात, केनेबेक नदीकाठी मार्था बॅलर्ड नावाची सुईण राहत होती. तेव्हा तोही नवा वसत असलेला मुलूख. १७८५ ते १८१२ अशी २७ वर्षं तिनं डायरी लिहिली. आज हवा कशी, कुणाच्या घरी गेले, मुलगा की मुलगी, भाजी काय लावली, सूत किती निघालं. गोठलेली नदी ओलांडून, रात्री-अपरात्री घोड्यावरून जाऊन तिनं ८१६ बाळंतपणं केली. फी मिळाली की डायरीच्या समासात खूण! हिशेबाला पक्की बाई.

ती डायरी वंशात हातोहात जपली गेली. १८८४ साली तिच्या पणतीची लेक डॉक्टर झाली, तेव्हा ती तिच्याकडं आली, आणि १९३० साली तिनं ती मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिली. पण इतिहास लिहिणाऱ्यांनी ती चाळून बाजूला ठेवली. बाळंतपणं, शिजवणं, विणणं... घरगुती क्षुल्लक गोष्टी, यात काय आहे? पुढं लॉरेल थॅचर उलरिच या इतिहासकार बाईंनी नेमक्या त्याच क्षुल्लक नोंदी एकत्र मांडल्या. गावात बायकांचं केवढं मोठं अर्थकारण चालतं, औषधपाणी कोण करतं, कर्ज कुणाचं, अब्रू कुणाची, सगळं त्यातून उभं राहिलं. १९९० साली त्यांचं पुस्तक आलं आणि १९९१ साली त्याला इतिहासाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. क्षुल्लक म्हणे!

ती जमीन रिकामी नव्हती

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘रिकामी जमीन’ म्हणून जी वाटली गेली, ती रिकामी कुठं होती? नेब्रास्कात पॉनी, पोन्का, ओमाहा, ओटो हे तिथले मूळ लोक पिढ्यान्पिढ्या राहत होते. मका पिकवत होते. त्या शेतांच्या मालकिणी पुष्कळदा बायकाच असायच्या. मॅटी मातीच्या घरात सुखानं राहू लागली, त्याच सुमाराला पॉनी लोकांना तो मुलूख सोडावा लागला. १८७७ साली पोन्का लोकांना सक्तीनं दक्षिणेला नेलं. त्यांचा म्होरक्या स्टँडिंग बेअर मेलेल्या मुलाला आपल्या भूमीत पुरायला परत निघाला, म्हणून त्याला अटक झाली. मे १८७९ मध्ये ओमाहा शहरातल्या न्यायालयानं निकाल दिला, की कायद्याच्या दृष्टीनं हा ‘माणूस’ आहे. निकाल द्यावा लागला, पाहा!

या लोकांच्या घरचे कागद कुठं असतील? काही आहेत. ओमाहा जमातीतल्या ला फ्लेश कुटुंबातली सुझन लहान असताना तिनं एका आजारी म्हातारीला डॉक्टर न आल्यामुळं मरताना पाहिलं. मोठी झाल्यावर ती फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात गेली. हे नाव ओळखीचं वाटलं ना? हेच आपल्या आनंदीबाई जोशींचं कॉलेज! मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई तिथून डॉक्टर झाल्या, त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. आणि त्याच वर्षी सुझननं तिथं पाऊल ठेवलं. १८८९ साली वर्गात पहिली येऊन ती डॉक्टर झाली. अमेरिकेच्या मूळ लोकांमधली ती पहिली स्त्री-डॉक्टर. नेब्रास्कात परतून घोड्यावरून, बग्गीतून तिनं आपल्या माणसांवर उपचार केले, १९१३ साली हॉस्पिटल उघडलं, आणि आपल्या लोकांच्या जमिनीच्या हक्कांसाठी सरकारदरबारी पत्रांवर पत्रं लिहिली.

फिलाडेल्फियातून तिनं बहिणीला लिहिलेली पत्रं उरली आहेत. ला फ्लेश कुटुंबाचे कागद आज कुठं आहेत माहिती आहे? लिंकनच्या त्याच संस्थेत, जिथं मॅटीची पत्रं आहेत! एकीला जमीन मिळाल्याचा आनंद, दुसरीची जमीन जात असल्याची काळजी. दोघींचंही खरं.

आपल्या माळ्यावर काय आहे?

आपल्याकडं घराणी आणि दप्तरं जपण्याची परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत. पण त्या दप्तरांत लढाया, वतनं आणि तंटे जास्त. आजीची हिशेबाची वही, आईनं मावशीला लिहिलेली आंतर्देशीय पत्रं, बारशाच्या आहेराची यादी, बचत गटाचं पहिलं पासबुक... हे सगळं आपण रद्दीत देतो. ‘यात काय आहे’ म्हणून! शेतात तीन पिढ्या राबलेल्या बाईचं सातबाऱ्यावर नाव नसेल, आणि घरातही तिच्या हातचा कागद उरला नसेल, तर ती होती हे पुढं कुणाला कळणार?

जपायला फार काही लागत नाही. जुने कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. त्यानं कागद कायमचा खराब होतो. टाचण्या आणि रबरबँड काढून टाका. पत्र पाकिटासकट ठेवा, पाकिटावरचा शिक्का म्हणजे तारीख असते. ओल आणि ऊन, दोन्हींपासून दूर, सुती कापडात गुंडाळून ठेवा. फोटोच्या मागं बॉलपेनानं नाही, मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. ‘आई’, ‘काकू’ असं नको. माहेरचं-सासरचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. मोबाइलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढा, पण म्हणून मूळ कागद टाकू नका. मोडीतला कागद असेल तर तो वाचणारी माणसं आजही आहेत, विचारल्यावर भेटतात.

आणि ज्यांच्या घरी असं काहीच उरलेलं नाही, त्यांनी? घरात सासूबाई, आत्या, कुणी वयस्कर असतील त्यांना जवळ बसवा. लग्न होऊन आल्यावर पाणी कुठून आणत होता, पहिलं बाळंतपण कुठं झालं, पहिली कमाई किती आणि ती कुणाच्या हातात गेली, एवढं विचारा. त्या बोलतील तसंच उतरवून घ्या, भाषा सुधारू नका.

स्वतःबद्दलही लिहा. रात्री जेवणं आटोपली की चार ओळी पुरेत. आज काय पेरलं, काय विकलं, कुणाचं येणं, कुणाचं देणं, कोण आजारी, कोण बरं झालं. मार्थानं २७ वर्षं एवढंच तर लिहिलं. फक्त वर तारीख घालायला विसरू नका. आणि खाली आपलं नाव, पूर्ण.